सोनचाफ्याचं आळं

ही हकिगत खरी आहे. ज्यांच्या बाबतीत ती घडली, ते महेंद्रराव माझे साडू. तंत्रनिकेतनात आम्ही एकाच बाकावर बसलो. मोजून पाहिल्याशिवाय काही मानायचं नाही, ही सवय दोघांनाही तिथेच लागली. म्हणून तारीख आणि ठिकाण आधी सांगतो. १४ मार्च २०२४, गुरुवार. वडगाव रासाई, भीमेकाठचं बापूसाहेबांचं फार्महाऊस.

आणि ती रात्र नव्हती. सकाळचे साडेसात वाजले होते.

त्या फार्महाऊसची बाग महेंद्ररावांच्या थोरल्या बहिणीने, चांगुणाआक्काने, एकोणीस वर्षे सांभाळली. केळी, हेलिकोनिया, सुपारी, अननस, भिंतीवर चढलेला मनीप्लांट... उन्हाळ्यातही आत शिरलं की अंगावर गारवा यायचा. प्रत्येक झाडाभोवती आक्का स्वतः मातीचं आळं करायची आणि त्याची कड ओल्या हाताने दाबून बसवायची. तिच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट कडबाकुट्टीच्या यंत्रात अर्धं गेलं होतं. त्यामुळे तिच्या आळ्यावर एकच खूण उमटायची.

तीन बोटं लांब. एक आखूड.

"नुसतं पानी सोडून भागत न्हाई, महिंदा," ती म्हणायची. "पानी थांबलं पायजे. आळं फुटलं की झाड उपाशी."

नोव्हेंबरात आक्का गेली. तिच्या अस्थी नदीत सोडायच्या नाहीत, तिनेच लावलेल्या सोनचाफ्याच्या मुळाशी ठेवायच्या, असं घरात ठरलं. बापूसाहेबांनी चारचौघांत शब्द दिला, "आक्का कायम इथंच राहतील." महेंद्ररावांनी पांढऱ्या कापडाची पुरचुंडी मोटारीच्या वाइंडिंगमधल्या तांब्याच्या तारेचे सात वेढे देऊन बांधली आणि स्वतःच्या हाताने पुरली.

तेव्हापासून बागेचं काम त्यांनी अंगावर घेतलं. न्हावऱ्याच्या घरून रोज मोटारसायकलवर जायचे. पंप सुरू करण्याआधी सोनचाफ्यापुढे हात जोडायचे.

त्या गुरुवारी हात जोडून ते वळले, आणि पंपघरामागून आवाज आला.

खर्र... खर्र...

खुरपं मातीत चालावं, तसा.

मागे पालापाचोळा कुजवायचा खड्डा होता. तिथे कुणी नव्हतं. पक्षीही नव्हते. एरवी केळीत कलकलाट असायचा...

खड्ड्याच्या काठाशी एक आळं होतं. ताजं. ओलं. मधोमध झाड नाही, रोप नाही. काहीच नाही.

आणि कडेवर बोटांचे ठसे...

तीन लांब. एक आखूड.

महेंद्रराव घाबरले नाहीत. त्यांनी तपासणी केली. पंपाला कुलूप होतं, किल्ली त्यांच्याच खिशात. प्रेशर गेजचा काटा शून्यावर. नळ्या कोरड्या. त्यांनी आळं मोडून माती सपाट केली आणि भोवती हातभर रुंदीचा चुन्याचा पट्टा पसरला. जो येईल, त्याचं पाऊल उमटेल.

शुक्रवारी चुन्यावर एकही पाऊल नव्हतं.

आळं मात्र होतं... पाण्याने काठोकाठ भरलेलं.

शनिवारी त्यांनी फावडं घेऊन ते आळंच खणलं. दीड हातावर पांढरं कापड लागलं. गाठ सुटलेली नव्हती. तार त्यांचीच होती, वेढेही त्यांचेच. त्यांनी मोजले. सात.

मग त्यांनी सोनचाफ्याचं मूळ उकरलं.

तिथे फक्त माती होती.

बापूसाहेब व्हरांड्यात चहा घेत होते. पुरचुंडी पाहताच त्यांनी कप खाली ठेवला.

"महेंद्रराव, बसा आधी. चहा घ्या."

"कधी काढली?"

"आईनं लई हट्ट धरला ओ. घरात पावणेरावळे येत्यात, पोरंबाळं खेळत्यात... मग दुसऱ्याच दिवशी गड्याकडनं हलवली. पन झाड ठिवलंय ना मी! झाडाला हात लावला का?"

"मला सांगायचं तरी, बापूसाहेब."

"तुमाला कशाला वाईट वाटून द्यायचं? कळणार न्हाई असं वाटलं."

"चार महिने मी मोकळ्या मातीपुढे हात जोडतोय," महेंद्रराव म्हणाले. "तुम्ही हितनंच बघत होता. हाच चहा पीत."

बापूसाहेबांनी मान खाली घातली. मग हळूच विचारलं, "पन तुमाला सांगितलं कुणी?"

महेंद्रराव पुरचुंडी छातीशी धरून पायऱ्या उतरले.

त्याच दिवशी त्यांनी आक्काला न्हावऱ्याला आणलं. दारापुढच्या अंगणात पुरचुंडी पुरून वर सोनचाफ्याचं कलम लावलं आणि मातीवर हात ठेवून म्हणाले, "आक्का, त्या बागेत आता पाऊल टाकणार न्हाई."

रविवारी सकाळी त्यांच्या पत्नीने, करुणाताईंनी, हाक मारली. "अहो, आळं एवढं सुबक कवा केलं तुम्ही?"

त्यांनी केलं नव्हतं. पण ठसे पाहून त्यांना भीती वाटली नाही. आक्का घरी आली, एवढंच वाटलं.

आठ दिवस रोज तेच. रोज आळं ताजं, रोज ठसे.

नवव्या दिवशी बापूसाहेबांचा फोन आला. "सगळी आळी फुटल्यात ओ. पानी ठरंना. बाग जळाया लागली. एकदा येऊन बघा, हात जोडतो."

"जाऊ नका," करुणाताई म्हणाल्या. "आक्कांना शब्द दिलाय तुम्ही."

"माणसांशी माझं भांडण हाय, करुणा. झाडांनी काय केलंय? आन् लावली कुणी? आक्कानंच ना?"

ते गेले. केळी माना टाकून उभ्या होत्या. प्रत्येक आळं एकाच जागी फोडलेलं होतं... फाटकाच्या बाजूने. त्यांनी सोनचाफ्याचं आळं बांधलं, आणखी दोन बांधली आणि पंप सुरू केला. बापूसाहेबांच्या हातचा चहा मात्र घेतला नाही.

दुपारी बाराला ते घरी परतले.

अंगणात शांतता होती. कलमाभोवतीचं आळं फुटलं होतं... घराच्या दाराच्या बाजूने. पाण्याचा ओघळ अंगण ओलांडून थेट उंबऱ्यापर्यंत आला होता. फुटलेल्या कडेवर ठसे होते.

तीन लांब. एक आखूड.

आणि उंबऱ्यावर तांब्याची तार पडली होती. पुरचुंडीबरोबर त्यांनीच पुरलेली. वरची माती जशीच्या तशी होती. तारेचे सातही वेढे सोडवलेले. तार सरळ केलेली. एक टोक दाराकडे...

त्यानंतर महेंद्रराव वडगावला गेले नाहीत. बाग जळाली, असं ऐकतो. कलम मात्र जगलंय. ते रोज सकाळी आळं बांधतात आणि रोज दुपारी बाराला ते दाराच्या बाजूने फुटतं.

परवा मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कपाटातून तार काढून माझ्या हातात दिली.

"बापूसाहेबांनी फसवलं, तवा आक्का मला सांगायला आली," ते म्हणाले. "मी फसवलं, ते ती कुणाला सांगत असंल?"

मी तार परत त्यांच्या हातात ठेवली. घड्याळात बाराला दोन मिनिटं कमी होती. मी चप्पल घालायला उंबऱ्याशी आलो...

खर्र... खर्र...

आवाज अंगणातून नव्हता, उंबऱ्याच्या आतून, जमिनीखालून होता. महेंद्ररावांनी मान वर केली नाही. फक्त पाय उचलून खुर्चीवर घेतले.