जुडिथ टार्पलीचा जबाब

आमच्या काउंटी कोर्टाच्या तळघरात नोव्हेंबरात ओल्या लोकरीचा वास येतो. मला तो आवडतो. नोकरीत असताना मी तिथे बसून लोकांच्या जमिनींचे मूळ मालक शोधून द्यायचो. निवृत्त झालो तसा स्वतःचा शोधायला लागलो. जोसाया टार्पली, आमच्या घराण्यातला व्हर्जिनियात आलेला पहिला माणूस. नदीच्या वळणापासून खुणेच्या ओकपर्यंतची जमीन त्याने मिळवली, तंबाखू लावली, शेजाऱ्यांशी हद्दीवरून भांडला, भर कोर्टात शिव्या दिल्या म्हणून दंड भरला. सगळं सापडलं. तो मेला कुठे, ते मात्र सापडेना. मृत्युपत्र नाही, थडगं नाही. एका साली कर त्याच्या नावावर, पुढच्या साली बायकोच्या, जुडिथच्या.

"मिस्टर टार्पली, घरी चला आता," रेकॉर्ड सांभाळणारी मिस रोवेना म्हणायची. "बायकोपेक्षा इथली मेलेली माणसंच तुम्हाला जास्त बघतात."

या खेपेला मात्र मी हौसेने आलो नव्हतो. तीच जमीन मी विकायला काढली होती. एक लाकूड कंपनी चांगला भाव देत होती आणि तिच्या वकिलाला पहिल्या मालकापासूनचे कागद हवे होते. माझे गुडघे गेलेत. मुलगा ग्रेडी रिचमंडला असतो, त्याच्या घराजवळ एक बंगली बघून ठेवली होती. जमीन माझ्या आणि बायकोच्या, ऑर्लीनच्या नावावर, म्हणजे सोमवारी वकिलासमोर दोघांच्या सह्या लागणार. मी तिला सांगितलं तेव्हा ती घेवडा सोलत होती.

"करते की सही," ती म्हणाली. वर बघितलं नाही.

त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर नाही. भांडली असती तर परवडलं असतं. भांडणात मी हार जात नाही. तिचं ते गप्प राहणं मला आतून कुरतडत होतं. चाळीस वर्षांच्या संसारात मला दुसऱ्या कशाची इतकी भीती वाटली नव्हती.

आणि शुक्रवारी मला जोसायाचा व्यवहार सापडला. त्यानेही सगळी जमीन विकायला काढली होती. आमच्याकडे जुना कायदा असा, की नवऱ्याने जमीन विकली तर बायकोला एकटीला बाजूला घेऊन विचारायचं: यात तुमची मर्जी आहे ना? नवऱ्याच्या धाकाने तर हो म्हणत नाही ना? जुडिथ आजारी, कोर्टात येऊ शकत नव्हती. म्हणून कोर्टाने ह्यू पेटिलो आणि थिओडोरिक कार असे दोन गृहस्थ तिच्या घरी पाठवले. नवऱ्याला बाहेर थांबवावं, तिचा जबाब घ्यावा, कोर्टाला कळवावा. पुढच्या बैठकीत नोंद: जबाब आलेला नाही. त्याच्या पुढच्या बैठकीतही तेच. मग विषयच नाही. जमीन आमच्याकडेच राहिली, जोसाया तेवढा कागदांतून गेला.

मी पुढची पुस्तकं काढली. जोसायाचा नातू ॲबनर यानेही जमीन विकायला काढली होती. त्याची बायको चांगली धडधाकट, तरी जबाब घ्यायला दोन गृहस्थ घरी गेले. पेटिलो आणि कार. नातवंडं असतील, मी म्हटलं. आमच्या भागात नावं पिढ्यान्‌पिढ्या तीच फिरतात. पुढच्या साली कर ॲबनरच्या बायकोच्या नावावर होता.

मग माझे आजोबा, लेम्युअल. ते नॉर्फोकच्या गोदीत कामाला गेले आणि परत आलेच नाहीत, असं आमच्या घरात सांगत. जाण्याआधी त्यांनी जमिनीचा सौदा केला होता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. खाली तीच दोन नावं होती.

"हे पेटिलो कोण?" मी रोवेनाला विचारलं.

तिने चष्मा कपाळावर चढवला. "यादवी युद्धाच्या आधीच सगळे गाव सोडून गेले. एक उरला नाही."

"मग माझ्या आजोबांच्या वेळी कुठून आला?"

"कारकुनाने जुन्या कागदावरून उतरवलं असेल. आळशी मेले!" ती हसली, मग थांबली. "तुम्ही ऑर्लीनला विचारलंत ना नीट?"

"हो म्हणाली ती."

"विचारलंत, की सांगितलंत?"

मला राग आला. पुस्तकं तशीच टेबलावर टाकून मी निघालो.

शनिवारी दुपारी जेवण उरकलं होतं. हॅमचा वास अजून स्वयंपाकघरात होता. ऑर्लीन भांडी पुसत होती. दारावर थाप पडली.

दारात दोन वयस्क माणसं. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगाला ओल्या चामड्याचा वास. अंगणात गाडी दिसत नव्हती. वकिलाने पाठवले असतील, असं मला वाटलं.

"मिसेस टार्पलींशी बोलायचं आहे," उंच होता तो म्हणाला. "एकट्यांशी. आपण जरा बाहेर थांबता?"

इतक्या अदबीने म्हणाला, की मी खुंटीवरची हॅट घेतलीसुद्धा. मग विचारलं, "आपलं नाव?"

"कार."

दुसऱ्याने नुसती मान लववली.

यांना आत घेऊ नकोस, असं सांगायला मी वळलो. ऑर्लीनने तोवर दोन खुर्च्या ओढल्या होत्या.

"जा ना, वेंडेल," ती म्हणाली. "थोडाच वेळ."

अंगणातून मला खिडकीत ती एकटीच दिसत होती. तिने कॉफी ओतली. बसली. बोलायला लागली. किती वेळ बोलत होती! मध्येच हसली, मग ॲप्रनने डोळे पुसले. माझ्याशी ती कधी इतकं बोलली होती, मला आठवेना.

"ऑर्लीन! नाही विकायचं! मोडला सौदा!" मी ओरडलो.

तिने वर बघितलं नाही.

मी पायऱ्यांकडे धावलो. चढलो. सगळ्या चढलो आणि अंगणातच उभा होतो.

पुन्हा चढलो. अंगणातच.

दोघं बाहेर आले. माझ्याकडे न बघता नदीच्या वाटेने चालत निघून गेले.

"ऑर्लीन, येऊ का आत?"

ती दारात आली. हात पुसत तिने अंगणावर नजर फिरवली, आभाळ बघावं तशी. मग दार लावून घेतलं.

सोमवारी ती एकटीच गाडी घेऊन गेली आणि लवकर परत आली. दोन दिवसांनी ग्रेडी आला. त्याने कोठार बघितलं, नदीकाठ बघितला. माझ्या अगदी शेजारी उभा राहून "बाबा, बाबा" अशा हाका मारल्या.

"गेला असेल कुठेतरी," ऑर्लीन त्याला म्हणाली. आवाज शांत होता. "टार्पली पुरुष जातात तसे."

लाकूड कंपनीची माणसं काही आली नाहीत.

अंगणातल्या अक्रोडाच्या झाडाखाली मी एकटा नाही, हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. हॅट हातात घेऊन सगळे गेलेले टार्पली पुरुष खिडकीकडे बघत उभे होते. एकाचे कान आजोबांचे, मी ते फोटोत पाहिले होते. सगळ्यात पुढे होता त्याचा कोट जाड्याभरड्या कापडाचा, त्याला तंबाखूचा वास येत होता. मी त्याला ओळखलं. निवृत्तीपासून ज्याला शोधलं, त्याला विचारायला माझ्याकडे एकच प्रश्न उरला होता.

"जुडिथने काय सांगितलं?"

त्याने खिडकीवरची नजर हलवली नाही.

"हळू बोल," तो म्हणाला. "तिचं अजून सांगून व्हायचंय."

आणि जरा सरकून त्याने मला उभं राहायला जागा करून दिली.