जागरसाची भरती

होडीचं सुकाणू धरणारा मोरेश्वर तांडेल बंदराच्या तपासणीत नापास झाला तर सगळ्यात मोठा फायदा त्याच्या बायकोचा होता, आणि चांगुणाला तो पक्का ठाऊक होता. नवरा घरी बसला की तिला रात्रभर झोप मिळणार. अवेळी चूल पेटवायला नको, भाकऱ्या थापायला नकोत, वारा फिरला की दारात उभं राहायला नको. तोट्याच्या बाजूला एकच गोष्ट होती: तो घरी बसणार. होडी सुटलेला तांडेल दिवसभर काय करतो, हे तिने शेजारीपाजारी पाहिलं होतं. बायकोला स्वयंपाक शिकवतो.

हा सगळा प्रसंग आणला होता लयपट्टीने. दंडावर चिकटवायची पातळ पट्टी. घामातलं कॉर्टिसॉल ती अखंड मोजत राहायची. हे ताणाचं संप्रेरक, पण भाटवेळ बंदरात त्याला जागरस म्हणत, कारण माणसाला जाग देणारं तेच. उठल्यावर ते उसळी मारतं, मग दिवसभर उतरत जातं आणि झोपेत तळाला टेकतं. वय वाढलं, जागरणं साचली, खाणंपिणं अवेळी झालं, की चढ बुटका होतो, तळ वर येतो आणि शेवटी रेषा सपाट होते. असा माणूस डोळे उघडे ठेवूनही पुरता जागा नसतो. दोन होड्या खडकावर चढल्यावर बंदर कार्यालयाने नियम केला होता: साठी उलटलेल्या तांडेलाने महिनाभर पट्टी लावायची; रेषा सपाट आली तर सुकाणू सोडायचं.

मोरेश्वरची रेषा ओहोटीनंतरच्या वाळूसारखी सपाट आली.

"यंत्र खोटं बोलतंय," तो म्हणाला.

"यंत्राचं तुमच्याशी काय वैर?" चांगुणा म्हणाली. "आजवर तुमचं वय मीच काढायची. दुसऱ्या कुनी काढलं म्हनून झोंबलं."

कार्यालयाच्या डॉक्टर रेवती म्हसकर मात्र निकाल घेऊन स्वतः घरी आल्या. त्यांना राहवत नव्हतं. आदल्या आठवड्यात त्या मोरेश्वरबरोबर समुद्रावर जाऊन आल्या होत्या. पाण्याचा रंग जरासा बदलला तेव्हा तरुण खलाशी गप्पांत होते. म्हाताऱ्याने त्याआधीच होडी वळवली होती. सपाट रेषेचा माणूस असा नसतो.

"मावशी," त्यांनी विचारलं, "काका उठतात कधी? अर्जावर 'पहाटे' लिहिलंय."

सरकारी माणसाने विचारलं की भाटवेळात सगळे 'पहाटे' म्हणत. बरं दिसतं. चांगुणाने एवढा एकच शब्द पुन्हा म्हटला असता, तर झोप तिची होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. आयुष्यभर काहीतरी ओढत आलेले ते हात रिकामे मांडीवर पडले होते, आणि त्यांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

"पहाट कसली, बाय?" ती म्हणाली. "खाडीच्या तोंडाशी गाळ हाय. भरतीबिगर होडी निघत नाय. आन भरती रोज पाऊण तास उशिरा. ती येईल त्याच्या आधी हे उठनार. कधी पहाटे, कधी दुपारी, कधी दिवेलागणीला. लग्न झाल्यापासून हेच बघते मी."

रेवतींनी हातातल्या पडद्यावर भराभर बोटं फिरवली. यंत्र महिन्याचे सगळे दिवस सूर्याच्या घड्याळाने एकमेकांवर ठेवून सरासरी काढत होतं. एका दिवसाचा चढ दुसऱ्या दिवसाच्या उतारावर पडून दोन्ही पुसले जात होते. त्यांनी दिवस एका भरतीपासून दुसऱ्या दिवशीच्या त्याच भरतीपर्यंत कापायला सांगितलं.

रेषा उसळून उभी राहिली.

"तळ थोडा वर आलाय, ते वय," रेवती थक्क होऊन म्हणाल्या. "पण चढ तिशीतल्या पोराचा! काका, तुमचं शरीर समुद्राशी लागलंय."

कार्यालयाला पटवायला तुलना हवी होती: त्याच घरातलं, त्याच ताटातलं, पण जमिनीवर जगणारं माणूस. म्हणून पुढचा महिना दुसरी पट्टी चांगुणाच्या दंडावर राहिली.

महिन्याने कार्यालयाने भरतीचं माप मान्य केलं आणि सुकाणू परत मिळालं. मोरेश्वर ओटीवर बसून आल्यागेल्याला गुपित सांगू लागला. "ताजी मासळी खावी, चिंता करू नये. भरती येते तशी आपल्याला आपोआप जाग येते."

"आपोआप?" चांगुणा आतून म्हणाली. "मग रोज तुमचा खांदा कोन हलवतं? खाडीतला खेकडा?"

ओटी हसली. रेवती हसल्या नाहीत. त्यांनी पडदा चांगुणाकडे फिरवला. तिची रेषा सूर्याने कापली तरी सपाट होती, भरतीने कापली तरी सपाट. तो परत येऊन झोपायचा. ती मासळीची पाटी घेऊन बाजारात जायची. समुद्राला तिने एकदाही चुकवलं नव्हतं, आणि सूर्यालाही.

"वय झालं असंल तिचं," मोरेश्वर पुटपुटला.

"तुमच्याहून आठ वर्सांनी लहान हाय मी."

मोरेश्वर पडद्याकडे वळला. त्याने हळूच विचारलं, "हिचा चढ परत येईल, डॉक्टरीणबाय?"

"रोज ठरल्या वेळी झोप, उजेडाबरोबर जाग. काहींचा येतो," रेवती म्हणाल्या. "इतक्या वर्षांनंतर येतो का, ते सांगता येत नाही. अशा बायकांचं कुणी मोजलेलंच नाही."

"मग आजपासनं ही झोपंल. भाकरी मी थापतो."

"आन खायची कुनी?" चांगुणा म्हणाली, पण डोळे पुसूनच.

मोरेश्वरला होडी मिळाली, बंदराला तांडेल मिळाला, कार्यालयाला शहाणा नियम मिळाला. या सगळ्याचं मोल एकाच बाईच्या झोपेतून आधीच वळतं झालं होतं, आणि तिने ते कधी बोलूनही दाखवलं नव्हतं.

"झोपते, बाय," चांगुणा पट्टी सोडवत रेवतींना म्हणाली. "पन भरती चढायला लागली, आन हे घोरतच पडले, तर तुझ्या त्या रसाला कोन सांगनार, की हिला उठवू नको म्हनून?"