सतराव्या पोर्टचा पत्ता

दार ओढून घे रे आधी, सगळा गारवा बाहेर चाललाय. आणि दात काढणं बंद करा दोघंही. स्विचच्या सतराव्या पोर्टला रबरी टोपी आणि तरी दिवा हिरवा, म्हणून हसलात ना मघाशी? मग बसा. मी तेव्हा नव्हतो इथे, पण माझ्या आधी इथे काम करणारा मुनीब थापा मारणाऱ्यातला नव्हता.

गेल्या हिवाळ्यातली गुरुवारची रात्र, साडेअकरा वाजलेले. उद्या शुक्रवारची सुट्टी, त्यामुळे सगळं अम्मान घरी गेलेलं. मुनीब याच हॉस्पिटलच्या याच खोलीत एकटा आला. काम साधंच होतं. एक जुनी डिस्क पुसायची आणि एका कार्डाचा पत्ता खोडून टाकायचा. तुम्हाला माहीतच आहे, सर्व्हरमधल्या प्रत्येक कार्डाला आपला पत्ता असतो, आणि मधला स्विच तो पत्ता ओळखूनच त्याला डिस्कपर्यंत जाऊ देतो. कार्ड गेलं की स्विचमधून पत्ता काढून टाकायचा. एवढंच.

हे कार्ड गस्सान सांभाळायचा त्या सर्व्हरमधलं होतं. माणूस सोन्यासारखा, पण तोंडाचा फाटका. चिडला की हातातली तसबीह, म्हणजे जपाची माळ, रॅकच्या लोखंडी दारावर आपटायचा. टिक. टिक. त्यानं वजीहसाहेबाला चारचौघांत सुनावलं होतं, "मुलांच्या हृदयाची चित्रं अजून नव्या डिस्कवर गेलेली नाहीत. जुनीला हात लावलात तर याद राखा!"

"मी म्हणतो गेली, म्हणजे गेली," साहेब म्हणाला. "तू पगार माझ्याकडून घेतोस की डिस्ककडून?"

त्याच आठवड्यात गस्सानच्या छातीत कळ आली आणि तो गेला. अन् त्या नालायक वजीहनं काय करावं? गस्सानच्याच दुखवट्याच्या मांडवात, कडू कॉफीचा कप हातात धरून, मुनीबच्या कानाशी लागून म्हणाला, "आज रात्री उरकून टाक." मांडवात रे! लाज नाही, शरम नाही! मुनीबनं सांगितलेलं अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

रविवारी तिसऱ्या मजल्यावरच्या लुजैनचं हृदयाचं ऑपरेशन होतं. सहा वर्षांची पोर. तिची चित्रं कुठे आहेत, हे मुनीबनं विचारायला हवं होतं. नोकरीच्या भीतीनं विचारलं नाही.

सर्व्हर तर आधीच काढलेला. कार्ड खणात. केबल काढून पोर्टला टोपी लावलेली. मुनीबनं पत्ता काढला, डिस्क पुसायचा हुकूम दिला.

पडद्यावर आलं, डिस्क दुसऱ्यानं धरून ठेवली आहे.

कुणी?

त्याच पत्त्यानं.

मुनीब उठला. सतरावा पोर्ट बघितला. टोपी जागच्या जागी. दिवा हिरवा...

पुन्हा पत्ता काढला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा काढला, आणि सगळे पंखे एकदम भडकले. अंगावर धावून आल्यासारखे.

मग रॅकच्या मागून...

टिक.

...टिक.

"गस्सानभाई?"

...

"नाही पुसत. मुलांची शपथ. नाही पुसत."

पंखे शांत झाले.

मग मुनीबनं ती डिस्क उघडून बघितली. उघडली! पुसू देत नव्हता, वाचू देत होता. सगळ्या मुलांची चित्रं तिथेच, दुसरीकडे एकही नाही. रात्रभर बसून त्यानं ती उतरवून घेतली. शेवटचं चित्र उतरलं आणि दिवा विझला. लुजैन आता शाळेत जाते. आणि वजीह? त्याला बढती मिळाली! वरच्या मजल्यावर बसतो आणि तिथून हुकूम सोडतो. गस्सान मातीत, आणि हा खुर्चीत.

रमजाननंतर हा स्विच नवा आला. खोका मी फोडला, पत्ते मी भरले. गस्सानच्या कार्डाचा तो पत्ता भरला नाही. टोपीही मीच अंगठ्यानं दाबून बसवली. तेव्हापासून सतराव्यावर दिवा लागलेला नाही.

आज लागलाय.

जा, पडद्यावर पत्ता वाच... हं. तोच.

आता खरं सांग पोरा. वजीहसाहेबानं आज तुला काय पुसायला पाठवलंय?