साबणाने धुवून या

तू या वृद्धाश्रमात आजच कामाला लागलीस म्हणून सांगते. कोपऱ्यातल्या खोलीबाहेर सॅनिटायझरची बाटली नाही, भिंतीवर नुसती स्क्रूची भोकं आहेत. मागच्या साथीत मीच ती काढायला लावली. जुलाबाचा तो जंतू सॅनिटायझरला भीक घालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, एवढंच त्याच्यावर चालतं.

त्या खोलीत माझी आई होती. बाबा पुरुषांच्या बाजूला. रोज दुपारी ते काठी टेकत यायचे, दाराशी बाटली दाबायचे, फुस्स... आणि हात चोळत आत येऊन आईचा हात धरून बसायचे. त्या साथीत बाबा गेले. मी आईला सांगितलं नाही. तीही अंथरुणाला खिळलेली, ऐकून हायच खाल्ली असती तिने. "बरे झाले की येतील," एवढंच मी म्हणायचे.

त्या दुपारी मी तिची चादर बदलायला गेले होते. सगळीकडे सामसूम. तेवढ्यात दाराशी आवाज झाला. फुस्स... पाठोपाठ सॅनिटायझरचा तो उग्र वास.

मी वळून पाहिलं. दारात कोणी नव्हतं, भिंतीवर बाटलीही नव्हती.

"आले बघ," आई म्हणाली. "रोज येतात. पण उंबऱ्यातच थांबतात गं... आत का येत नाहीत?"

"आई, बाबा..."

"तूच ओरडली असशील. तुझा धाक काय कमी आहे? सांग ना त्यांना, या म्हणावं."

ती आशेने दाराकडे बघत होती. तिचं मन राखायला म्हणून मी रिकाम्या दाराला, सगळ्या नातेवाइकांना सांगते तेच सांगितलं, "बाबा, सॅनिटायझरने हा जंतू मरत नाही. साबणाने धुवून या."

मग व्हरांड्यातल्या तीन बेसिनांपैकी कडेच्या बेसिनचा नळ सुरू झाला. पाणी बराच वेळ वाहत राहिलं... बाबांचं सगळंच सावकाश. मला जागचं हलता येईना. नळ बंद झाला. काठी टक... टक... करत खाटेपर्यंत आली.

"किती गार हात तुमचे," आई हसून म्हणाली.

मी तिच्याकडे झेपावले, तोवर ती गेली होती. तिचा उजवा हात मनगटापर्यंत ओला होता आणि त्याला साबणाचा वास येत होता.

लोक म्हणतात, शेवटी दोघं भेटली, सोनं झालं. झालं असेल. पण मला माझी आई हवी होती गं. आणि त्यांना आत मीच बोलावलं.

तेव्हा दुपारी तो नळ आपोआप सुरू झाला, तर बंद करायला धावू नकोस. हल्ली दुसऱ्या कडेचाही सुरू होतो. मी मधल्या नळावर हात धूत उभी राहते. रोज ती दोघं माझ्या मागून निघून जायची. काल मात्र काठी थांबली.

"साबणाने धुतलेस ना?" आईच विचारत होती...

मी हो म्हणाले. तेव्हापासून हा उजवा हात सुकत नाही. किती टॉवेल झाले. बघ... नको, लांबूनच बघ.