दोन मिनिटांचं आवतण

ही गोष्ट मी ऐकीव म्हणून सांगत नाहीये. कमलेश माझा साडू. घर कडावला, रस्त्यालगत. या, दाखवतो तुम्हाला.

पण बाहेरूनच. उंबऱ्याच्या आत मी आता पाऊल टाकत नाही, आणि त्याबद्दल घरात माझी रोज थट्टा होते. होऊ दे.

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळीच्या आधीचा शनिवार. वेळ दुपारची, लख्ख उन्हाची. भूतखेत काय ते अंधारात, असं समजणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

कमलेश रसायनीला कंपनीत आहे. माणूस सरळ. दारू नाही, तंबाखू नाही. पण गाणी ऐकायचं वेड असं की विचारू नका. जुना अॅम्प्लिफायर त्याने स्वतः दुरुस्त करून ठेवला होता. स्पीकर तेवढे नव्हते. मोठे ठेवायला हॉल लहान, म्हणून त्याला हवे होते छोटे. फळीवर पुस्तकांशेजारी मावतील असे, दीड वीत उंचीचे.

कर्जतच्या एका दुकानातल्या किशोरने त्याला तीन जोड्या घरी न्यायला दिल्या.

"दुकानात ऐकून कळत नाय, कमलेशभाऊ. घरी लावा, निवांत ऐका. सोमवारी एक ठेवा, दोन परत आणा."

तेव्हा शनिवारी काय झालं... घरची सगळी भातकापणीला गेली. आई गौराबाई गेली, बायको हर्षला गेली. आठ वर्षांची समीक्षा तेवढी घरात राहिली, कारण तिला जरा कणकण होती. ती आतल्या खोलीत झोपली होती.

"अहो, डब्यांचा नाद करा, पण पोरीकडं लक्ष असू द्या," हर्षला जाताना म्हणाली.

"आहे गं लक्ष."

तो अगदी खुशीत होता. घर शांत, दुपार मोकळी. त्याने पंखा बंद केला. दोन स्टुलांवर स्पीकर ठेवले, भिंतीपासून हातभर पुढे, बसल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. समोर मधोमध खुर्ची. मग हॉलच्या मध्ये उभा राहून त्याने एक टाळी वाजवली.

टणण्... असा आवाज भिंतींवर फिरून आला.

रिकामी खोली अशीच वाजते. फरशी, भिंती, पत्र्याचं कपाट. खोलीत माणसं भरली की हीच टाळी दबते, कारण अंग आवाज पितं. हे सगळं त्यानेच मला एकदा तासभर बसवून शिकवलं होतं.

स्पीकर निवडायची या वेड्यांची एक पद्धत असते. गाणं पूर्ण ऐकायचं नाही. कान लगेच विसरतो म्हणे. म्हणून दोनच मिनिटांचा तुकडा घ्यायचा. या जोडीवर वाजवायचा, लगेच त्या जोडीवर. पुन्हा या. पुन्हा त्या. आणि तुकडाही असा हवा की तो गाताना आपण स्वतः समोर होतो. म्हणजे खरा आवाज कसा होता ते आपल्याला ठाऊक असतं.

कमलेशकडे असं एकच रेकॉर्डिंग होतं.

त्याच्या धाकट्या भावाच्या, ओमकारच्या हळदीचं. सहा वर्षांपूर्वीचं. त्यात सोनुबाई धवलारीण गात होती.

धवलारीण म्हणजे लग्नात धवले गाणारी बाई. भटजीइतकाच तिचा मान. कमलेशच्या घरात हळदीच्या दिवशी ती घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन मांडवात बोलावते. त्याला आवतण म्हणतात. ती गात असताना जिवंत माणसाने तोंडातून शब्द काढायचा नाही. बायका पदर तोंडाशी धरतात. लहान पोरांना तर अंगणाबाहेर नेतात, चुकून कुणी ओ देऊ नये म्हणून. आणि हळद उतरली की तीच बाई आलेल्यांना जेवू घालून, नाव घेऊन परत पाठवते.

कमलेशने रेकॉर्ड केलं होतं ते फक्त आवतण. पुढे पंगत बसली आणि हा मशीन बंद करून जेवायला गेला.

सोनुबाई त्यानंतर दोन वर्षांनी वारली.

टेपला कसला आलाय विटाळ, असं त्याला वाटलं. मला विचाराल तर मलाही तसंच वाटलं असतं.

पहिली जोडी लावली. सोनुबाईचा खरखरीत आवाज बरोबर दोन स्पीकरांच्या मधे उभा राहिला.

"धर्मा बाबा, या तुमी, नातवाचे हळदीला..."

"नागू दादा, या तुमी, लेकाचे हळदीला..."

"सुनंदा बाय, ये गं तू, भाच्याचे हळदीला..."

इथे तुकडा संपायचा. धर्मा म्हणजे आजोबा. नागू म्हणजे कमलेशचे वडील, ओमकारच्या लग्नाआधी तीन वर्षं गेलेले. सुनंदा ही वडिलांची धाकटी बहीण. आठ वर्षांची असताना भातकापणीत तिला पान लागलं. साप चावला असं आमच्याकडे म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात.

पहिल्या जोडीचा खर्ज उगाच ढुमढुमत होता. दुसऱ्या जोडीत सोनुबाईच्या बांगड्यांची किणकिण कानाला टोचत होती. त्याने दोन्ही पुन्हा वाजवून पाहिल्या. पुन्हा. वायरी काढ, वायरी लाव, मागे जा, वाजव.

धर्मा या. नागू या. सुनंदा ये.

साडेतीनपर्यंत त्याने तो तुकडा वीसेक वेळा वाजवला असेल. वीस वेळा आवतण. पाठवणी एकदाही नाही.

मग त्याने तिसरी जोडी लावली.

ही सगळ्यात लहान होती. पण आवाज असा स्वच्छ, की सोनुबाई श्वास घेते तोही ऐकू यावा. कमलेश खूश होऊन डोळे मिटून बसला.

"नागू दादा, या तुमी, लेकाचे हळदीला..."

...

"ओ."

त्याने डोळे उघडले.

रेकॉर्डिंगमध्ये हे नव्हतं. वीस वेळा ऐकलेलं, नव्हतंच. आणि स्पीकर तर समोर होते.

"ओ" मागून आली होती. दाराच्या बाजूने.

तो गर्रकन वळला. दार लोटलेलं होतं. कुणी नाही.

त्याने हेडफोन लावून तोच तुकडा ऐकला. हेडफोनमध्ये काही नव्हतं. पुन्हा स्पीकरवर लावला.

"ओ."

तेच. जरा घसा बसल्यासारखं, शेवटी किंचित लांबवलेलं. शेतावरून हाक मारली की वडील अशीच ओ द्यायचे.

आता तुम्ही म्हणाल, इथेच बंद करायला काय झालं होतं? मीही त्याला हेच विचारलं. तर तो माझ्यासमोर ढसाढसा रडला. म्हणाला, "अरे, नऊ वर्षांनी बापाचा आवाज ऐकला मी. तू केलं असतंस बंद?"

त्याने पुन्हा वाजवलं.

"ओ." या वेळी दाराच्या आतून.

पुन्हा वाजवलं. "ओ." खुर्चीच्या अगदी मागे.

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि अंगावर सर्रकन काटा येत होता, दोन्ही एकदमच. मागे वळायची छाती होईना. काय करावं सुचेना, म्हणून त्याने सवयीने टाळी वाजवली.

टप्.

आवाज फिरलाच नाही. जागच्या जागी मेला.

तीच फरशी, त्याच भिंती, तेच पत्र्याचं कपाट. पण टाळी दबली होती... लग्नघरात दबते तशी.

त्याची पाचावर धारण बसली. आणि तरीही, देवाशपथ सांगतो, त्याने तो तुकडा आणखी एकदा लावला. बापासाठी. शेवटचा, असं स्वतःला बजावून.

"नागू दादा, या तुमी..."

"ओ."

"सुनंदा बाय, ये गं तू, भाच्याचे हळदीला..."

या नावाला आतापर्यंत कुणी ओ दिली नव्हती. दर वेळी तिथे शांतता असायची.

या वेळी आतल्या खोलीतून आवाज आला.

"ओऽऽ."

समीक्षाचा.

कमलेश धडपडत उठला. खुर्ची पडली, एक स्पीकर स्टुलावरून खाली आला. तो आत धावला. पोर पलंगावर बसली होती, भिंतीला चिकटून, अंग चोरून. शेजारी कुणाला जागा करून द्यावी तशी.

"समू! तू का ओ दिलीस? तुझं नाव आहे का ते?"

"बाबा, तीच म्हणाली ना. माझ्या बदली तू दे."

"कोण ती?"

पोरीने शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"तिला नाही देता येत. तिचं तोंड भरलंय. फेसानं."

सुनंदा कशी गेली हे त्या पोरीला कुणी कधीच सांगितलं नव्हतं. अहो, कमलेशलाच ते अर्धंमुर्धं माहीत होतं.

त्याने पोरीला उचललं आणि अंगणात येऊन आईच्या नावाने बोंब ठोकली. शेत लांब नव्हतं. गौराबाई हातात विळा घेऊनच धावत आली, मागे हर्षला. त्याने कसंबसं सगळं सांगितलं. म्हातारी ऐकत गेली आणि तिचा चेहरा पांढरा पडत गेला.

"कमळ्या, मुडद्या! बोलवून बोलवून उपाशी बसवलंस रं त्यांना! आन् पोरीनं ओ दिली? तिच्या नावाला?"

"आई, आता काय करू?"

"गप. पयले घरात आन तिला. जिथं ओ दिली तिथंच बसव."

समीक्षाला पुन्हा पलंगावर बसवलं. गौराबाईने तांब्याभर पाणी घेतलं, केळीच्या पानावर भात वाढला आणि उंबऱ्यापाशी बसली. पाठवणीचे धवले तिला पूर्ण येत नव्हते. पण जन्मभर लग्नांत ऐकलेले. आठवतील तसे तिने कापऱ्या आवाजात धरले.

"धर्मा बाबा, जेवलं तुमी, जावा आपले ठाया..."

कमलेशने टाळी वाजवली. किंचित फिरली.

मग गौराबाईने पदराने डोळे पुसले. "नागू..." नवऱ्याचं नाव तिने उभ्या आयुष्यात घेतलं नव्हतं. ते तिने घेतलं. "जेवलं तुमी. जावा आपले ठाया."

कमलेशला वाटलं, ओरडावं, थांब म्हणावं. त्याने दात दाबून धरले. पुन्हा टाळी वाजवली. आता जवळजवळ पहिल्यासारखी टणकली.

जवळजवळ.

"सुनंदा बाय, जेवलीस तू, जा गं आपले ठाया..."

आतून पलंग वाजला.

समीक्षा बाहेर आली. अनवाणी. कुणाकडे पाहिलं नाही. कुणी पाठवल्यावर मुकाट निघावं तशी हॉल ओलांडून दाराशी गेली, आणि एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला.

"समू!" हर्षला किंचाळली आणि तिने पोरीला कमरेला धरलं. पोर थांबेना. आठ वर्षांची पोर नवराबायको दोघांना आवरेना! हर्षलाच्या हातावर नखांचे ओरखडे उठले.

गौराबाईने पदराचा बोळा स्वतःच्या तोंडात कोंबला.

गाणं तुटलं. तशी पोर एकदम ढिली पडली.

"आई, काय झालं? मला भूक लागलीय," ती म्हणाली.

ती पाठवणी तिथेच राहिली. आजपर्यंत.

सोमवारी कमलेश तिन्ही जोड्या परत द्यायला गेला. पडलेल्या स्पीकरचा कोपरा उडालेला होता, तो त्याने भरून देतो म्हणून सांगितलं. किशोर म्हणाला, "तिसरी तर तुमाला आवडणारच होती! काय कमी वाटली?"

"कमी काय नाय," कमलेश म्हणाला, आणि तिथून निघाला.

महिन्याभराने नवराबायको पोरीला घेऊन खालापूरकडच्या एका म्हाताऱ्या धवलारणीकडे गेली. तिने सगळं ऐकून घेतलं. पोरीला समोर बसवलं.

"नाव काय गं बाय तुजं?"

पोरीने नाव सांगितलं. म्हातारीने तिला बिस्कीट देऊन अंगणात पाठवलं.

"पूर्ण पाठवणी मला येते," ती म्हणाली. "गाईन मी. पर तिनं ओ दिली हाय. आता त्या एका नावाला दोघी हायत. मी पाठवलं तर एक जाईल. कंची जाईल, ते माज्या हातात नाय."

कमलेश उठला. पोरीला घेतलं आणि तिघं रिक्षात बसली. रिक्षा चौक गावापाशी आली. मग हर्षला हळूच म्हणाली, "अहो, नाव तर तिनं बरोबर सांगितलं ना? समीक्षाच म्हणाली ना?"

"म्हणाली की."

"पण सांगायच्या आधी तिनं बाजूला बघितलं. विचारल्यासारखं. तिथं तर कुणी नव्हतं."

कमलेशने खाली पाहिलं. पोर दोघांच्या मधे झोपली होती.

ती बरी आहे. खाते, खेळते, अभ्यास करते. तपासण्या केल्या, कशात काही निघालं नाही. फक्त त्या घरात तिला आता कुणी नावाने हाक मारत नाही. बाळा म्हणतात, नाहीतर हाताने बोलावतात. ओ कोण देईल, याची भीती वाटते त्यांना.

पण शाळेत अकराला बाई हजेरी घेतात. तिथे नाव घ्यावंच लागतं. हर्षला रोज अकराच्या ठोक्याला हातातलं काम टाकून उंबऱ्यापाशी येऊन बसते, आणि पाच मिनिटं गेली की उठून पुन्हा कामाला लागते.