जुलेखाचा हात

मोबाईल ठेव बे खाली, आतिफ. लाईट गेलीय तर ऐक. आपल्या शहादेवची गोष्ट हाय. खोटी वाटली तर त्यालाच इचार.

शहादेव संभाजीनगरला केमिस्ट्रीत पीएचडी करायचा. औषध बनवताना रसायनाचे दोन तुकडे जोडायला पॅलेडियम नावाचा धातू लागतो, लई महाग. ह्यानं सांगितलं, मी तेच काम साध्या लोखंडावर करतो. मोठं नाव झालं. मग सरांनी त्याच्या हाताखालच्या जुलेखाला तेच काम परत करायला लावलं. युसूफ वडगावच्या शहेबाजभाई फळवाल्याची पोरगी. तिच्याच्यानं काही जमंना. सर सगळ्यांदेखत म्हणले, "हिचा हातच खराब हाय."

कारण शहादेवला ठाऊक व्हतं. भांड्यातलं ढवळायला आत एक गोळी टाकत्यात, बोटाच्या पेराएवढी. वरून पांढरं प्लास्टिक, आत लोहचुंबक. खालचं मशीन चालू केलं की गरगर फिरती. ह्याच्या जुन्या गोळीला काळा डाग व्हता. मागच्या कुणाच्या कामातलं पॅलेडियम तिच्यात मुरलं व्हतं. काम ते करायचं, लोखंड न्हाई. नवी गोळी टाकली की ह्याचंबी जमायचं न्हाई. गुपचूप करून बघितलतं त्यानं. तरी गप्प बसला. पोरगी रडत गावाकडं निघाली, अन् मांजरसुंब्याच्या घाटात जीप उलटली. तिथंच गेली ती.

तिचा लॅबमधला कोट तिथंच राहिलता. सर म्हणले, घरी देऊन ये. शहादेव गेला ती गेल्या सालच्या शब-ए-बरातची रात. चांद पुरा. शहेबाजभाई नुकते कब्रस्तानातून, पोरीच्या कबरीवर दुवा मागून आलते. कोट मांडीवर घेतला अन् इचारलं, "बेटा, तुमी संग व्हते. माझ्या पोरीचा हात खरंच खराब व्हता का?"

शहादेव म्हणला, "येतो, चाचा."

केजच्या रस्त्यावर गाडी खटखट करायला लागली. त्यानं इंजिन बंद केलं.

खट... खट...

काचेवर काही आपटावं तसं. आवाज त्याच्याच खिशातून. ती गोळी तो कायम जवळ ठेवायचा. काढली. तळहातावर... फिरत व्हती.

पुलावरून नदीत फेकली. पाण्यात पडल्याचं ऐकलं त्यानं.

मग सगळं गप्प.

मग मागच्या सीटवरून... खट.

त्यानं वळून बघितलं न्हाई.

सकाळी गाडी माझ्या गॅरेजला आणली. इंजिन खोललं मी, काहीच न्हाई. म्हणलं, "कावून रडतो बे?" तवा सगळं बोलला. "मीच घालवली तिला." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. शहेबाजभाई. त्यानं फोन माझ्याकडं सरकवला, मीच स्पीकर लावला.

"बेटा, कोट घडी करून ठेवत व्हतो. एक खिसा चिंब ओला. आत वाळू अन् एक पांढरी गोळी हाय. काळा डाग हाय तिला. जुलेखाची का?"

शहादेव खाली बसला. "न्हाई चाचा. माझी हाय. तिचा हात चांगला व्हता. मी खोटा व्हतो."

पलीकडून शहेबाजभाई म्हणले,

"काल का न्हाई बोललास, बेटा... काल रातीच तर तिच्यापाशी बसून आलो मी. तिला सांगून आलो असतो."

शहादेवनं सरांना खरं लिहून दिलं. डिग्री गेली. आता बापाचं दुकान बघतो, मान खाली घालून.

कोट वडगावला अंगणातल्या खुंटीला हाय. मी गेलतो यंदाच्या ईदला. वरसभर ऊन खाल्लंय त्यानं, सगळा कडक वाळलाय. खिशात हात घातला मी.

अजून ओला हाय.