चार नंबरच्या खोलीतली तिसरी

संध्याकाळचे पावणेसात झाले की विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोरची गल्ली भरू लागायची. प्रत्येक घरातून, प्रत्येक खोलीतली तिसरी मुलगी किंवा तिसरा मुलगा खाली उतरायचा. कुणाच्या हातात पुस्तक, कुणाच्या हातात पाण्याची बाटली, एखादीच्या डोक्याला नुकतंच तेल चोपडलेलं. सव्वासातपर्यंत ही मंडळी भिंतींना टेकून उभी राहायची आणि मग आली तशी वर जायची. गल्लीत नवा आलेला माणूस विचारायचा, आज इथे सभा आहे का? सभा कसली, सातची मोजणी होती.

चार वर्षांपूर्वी वसतिगृहांमधून क्षयाची मोठी साथ पसरली होती. तेव्हा शहराने नियम केला : विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या एका खोलीत दोघेच राहतील. नियम पाळला जातो की नाही हे पाहायला प्रत्येक खोलीच्या भिंतीवर श्वासगणक बसवला. वीतभर लांबीची पांढरी डबी. माणसाच्या उच्छ्वासात शेकडो वायू मिसळलेले असतात आणि प्रत्येकाचं मिश्रण निराळं असतं, बोटाच्या ठशासारखं. ही डबी हवा हुंगून तीत किती जणांचे श्वासठसे आहेत ते सांगायची. गल्लीतले लोक तिला नुसतं 'नाक' म्हणत. नाक सातला मोजायचं, म्हणून साडेसहालाच खिडक्या सताड उघडायच्या, पंखा जोरात सोडायचा आणि तिसऱ्याने खाली जायचं, अशी गल्लीची रीत पडून गेली होती.

ह्या तिसऱ्यांना सगळे पॅरासाइट म्हणत. वसतिगृहांतला जुना शब्द तो, मित्राच्या खोलीत चोरून राहणाऱ्यासाठीचा. रेश्मा तडवी तर ओळख करून देतानाच हसून सांगायची, "मी चार नंबरची पॅरासाइट." तो शब्द कानावर पडला की प्रमिला हिवराळेंच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

सहा खोल्यांचं ते घर प्रमिलाबाईंचं. वीस वर्षं त्यांनी विद्यापीठाच्या मेसमध्ये पोळ्या लाटल्या होत्या, आणि मुलींना राहायला जागा नसते हे त्यांना कुणी आकडे दाखवून सांगायची गरज नव्हती. चार हजार मुली शिकायला येणार आणि वसतिगृहात जागा सहाशे. उरलेल्यांनी काय झाडावर बिऱ्हाड करायचं? वनस्पतिशास्त्राच्या एमएस्सीला आलेली रेश्मा प्रतीक्षा यादीत दोनशे बारावी होती. जून महिन्यात ती ट्रंक घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा प्रमिलाबाईंनी नियम बाजूला ठेवून तिला चार नंबरमध्ये तिसरी गादी टाकून दिली.

घरात त्यांचा स्वतःचाही एक नियम होता. मोजणीच्या आधी खोलीत कुणी खोकायचं नाही. खोकल्याने श्वास खोलीभर पसरतो, कानाकोपऱ्यात चिकटून बसतो आणि नाकाला कळतं, असं त्यांनी मनानेच ठरवून टाकलं होतं. "खोकायचं त्यांनी गल्लीत जाऊन खोका," त्या दरडावून सांगायच्या. पुढे पुढे मुली गल्लीतही जपून खोकू लागल्या, कारण शेजारच्या घरांचीही नाकं होतीच. खोकला आला की ओढणी तोंडावर दाबायची आणि गिळून टाकायचा, हे नव्या मुलीला पहिल्याच आठवड्यात जमू लागायचं.

दिवाळीनंतर रेश्माची तब्येत उतरली. "थंडी सोसत नाही मावशी," म्हणायची. प्रमिलाबाईंनी अडुळशाचा काढा दिला, लसूण घालून कढी दिली, डोक्यावरून पाणी घेऊ नको म्हणून रागावल्या. जानेवारीतल्या एका संध्याकाळी ती गल्लीत, समोरच्या पायरीवर गुडघ्यात डोकं घालून थरथरत बसलेली त्यांना वरून दिसली. घड्याळात सात वाजून पाच मिनिटं झाली होती. अजून दहा मिनिटं त्या पोरीला वर बोलावता येत नव्हतं, तिच्या स्वतःच्या गादीवर. प्रमिलाबाईंना असा संताप आला, की हातातलं लाटणं त्यांनी ओट्यावर आपटलं.

"बास झाली ही लपवाछपवी," त्या म्हणाल्या. "मेघना, अर्ज लिही."

मेघना कांबळे चार नंबरमधलीच, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने मर्यादावाढीचा अर्ज लिहिला आणि त्यातला मुद्दा अगदी सरळ होता. दहा बाय दहाच्या खुराड्याला दोन माणसं आणि बारा बाय चौदाच्या, समोरासमोर दोन खिडक्या असलेल्या खोलीलाही दोनच, हा कुठला हिशेब? मर्यादा हवेवर ठरवा, डोक्यांवर नको. प्रमिलाबाईंच्या घराला तीनची परवानगी द्या.

पंधरा दिवसांनी शहराच्या आरोग्य कार्यालयात सुनावणीची तारीख आली. रेश्मा हट्टाने बरोबर आली, पण कागदोपत्री ती त्या घरात नव्हतीच, म्हणून बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. आत अधिकारी होते निरंजन मुळावेकर, इस्त्रीच्या शर्टातले, बोलायला गोड. त्यांच्या शेजारी श्वासगणकांची देखभाल करणारा आरिफ नावाचा तरुण तंत्रज्ञ संगणकाचा पडदा समोर उघडून बसला होता.

"बाई, तुमची तळमळ कळते," मुळावेकर म्हणाले. "पण नियम पाळणाऱ्यालाच सवलत मिळते. तुमच्या चार नंबरमध्ये जूनपासून तीन व्यक्ती आहेत. एक पॅरासाइट आहे, असं मी टिपणात नोंदवतोय."

"माणूस म्हणा साहेब," प्रमिलाबाई ताडकन म्हणाल्या. "आणि जूनपासून कसं म्हणता? सातच्या मोजणीला कधी दोनाचे तीन झाले नाहीत आमच्यात."

आरिफने अधिकाऱ्याकडे पाहिलं आणि मग खाली मान घालून सांगितलं, "मावशी, यंत्र चोवीस तास हुंगतं. दंडासाठी फक्त सातचा आकडा धरायचा असं ठरलं होतं."

प्रमिलाबाईंनी खुर्ची मागे सारली. तीन पावसाळे आणि तीन हिवाळे ती लेकरं रोज गल्लीत उभी राहिली होती, आणि ह्यांना सगळं ठाऊक होतं! ज्या दिवशी कुणी अर्ज करील त्या दिवशी त्याच्या तोंडावर फेकायला हे आकडे जपून ठेवले होते. खोटारड्याचं सोंग घ्यायला लावायचं आणि मग खोटारडा म्हणायचं, ही तर चोराच्या उलट्या बोंबा.

मेघना मात्र पडद्याकडे बघत होती. पडद्यावर रकाने होते : तारीख, वेळ, श्वासठसा क्रमांक. शेवटचा रकाना काळा केलेला होता.

"हा काय आहे?" तिने विचारलं.

"तांत्रिक बाब आहे," मुळावेकर म्हणाले.

"नियमावलीत घरमालकाला आपल्या घराची पूर्ण नोंद पाहायचा हक्क दिलाय. पूर्ण, असा शब्द आहे सर. उघडा."

मुळावेकरांनी घड्याळ पाहिलं, कपाळ चोळलं आणि शेवटी हाताने खूण केली. आरिफने रकाना उघडला. पहिल्या आणि दुसऱ्या ठशासमोर सगळीकडे शून्य होतं. तिसऱ्या ठशासमोर ऑगस्टपासून एक लाल खूण होती. आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा, दिवाळीनंतर रोज.

"ही रोगखूण," आरिफ हळू आवाजात म्हणाला. "क्षयाचे जंतू फुप्फुसात वाढले की श्वासात काही वायू येतात. यंत्र मुळात त्यासाठीच बनवलं होतं. माणसं मोजणं नंतर जोडलं."

"मग कळवलं कामून नाही?" प्रमिलाबाईंचा आवाज चिरका झाला. "ऑगस्टपासून तुमच्या डबीला माहीत हाय आणि मी पोरीला काढे पाजायले!"

उत्तर मुळावेकरांनी दिलं. तेही त्यांना द्यायचं नव्हतं, पण मेघना लिहून घेत होती. रोगखूण अधिकृतपणे कळली, तर सात दिवसांत तपासणी आणि उपचार सुरू करणं कार्यालयावर बंधनकारक होतं. तेवढी माणसं कार्यालयाकडे नव्हती. म्हणून तो भाग तूर्त बंद ठेवण्याचा निर्णय वरच्या पातळीवर झाला होता.

"आणि बाई, रागावू नका," ते पुढे म्हणाले, "पण ही नोंद तुमच्याच विरोधात जाते. गर्दीत रोग पसरतो, म्हणून तर मर्यादा आहे. आजारी मुलगी तुम्ही दोघींच्या खोलीत ठेवलीत. तुमच्या हातात वाढीव मर्यादा द्यायची कशी?"

प्रमिलाबाईंना हे लागलं, कारण ते सगळंच खोटं नव्हतं. मेघना त्याच हवेत सात महिने झोपली होती. पण त्यांचा राग त्यामुळे विझला नाही, उलट वाढला.

"तीनची परवानगी असती तर तिला नाव असतं साहेब. नाव असतं तर ती मोठ्यानं खोकली असती. मी ऐकलं असतं, दवाखान्यात नेलं असतं. तिला तोंड दाबायला तुम्ही लावलंत." त्या थांबल्या. मग पडत्या आवाजात म्हणाल्या, "आन् मीबी."

अर्ज फेटाळला गेला. चार नंबरमधली अतिरिक्त व्यक्ती आठ दिवसांत हटवावी, असा आदेश निघाला. प्रमिलाबाई बाहेर आल्या तेव्हा रेश्मा बाकावर ओढणीचा बोळा तोंडाशी धरून बसली होती. त्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"खोक," त्या म्हणाल्या. "कोण काय म्हणतंय ते बघते मी. खोक बाई."

रेश्मा खोकली आणि खोकतच राहिली. व्हरांड्यातली माणसं वळून पाहू लागली, शिपाई खिडक्या उघडायला धावला. सात महिन्यांचं सगळं त्या एका बाकावर बाहेर पडत होतं.

दवाखान्यात निदान व्हायला वेळ लागला नाही; क्षयच होता, आणि रेश्माला वार्डात ठेवून घेतलं. मेघनाची आणि दुसऱ्या मैत्रिणीची तपासणी झाली. त्या दोघी सुदैवाने निरोगी निघाल्या. औषध मोफत मिळणार होतं, सहा महिने, घरपोच. फक्त फॉर्मवर राहण्याचा पत्ता हवा होता. रेश्माने पेन हातात घेतलं आणि ती मावशीकडे बघत राहिली. गावचा पत्ता लिहिला असता तर गोळ्या गावी गेल्या असत्या आणि तिचं वर्ष बुडालं असतं. इथला लिहिला, तर आदेश मोडल्याचा लेखी पुरावा कार्यालयाच्या हातात आयता पडणार होता, आणि मग पूर्ण घरालाच टाळं लागू शकत होतं.

प्रमिलाबाईंनी पेन ओढून घेतलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं : हिवराळे यांचे घर, खोली क्रमांक चार.

"वार्डातून सुटलीस की माझ्या खोलीत झोपायचं, खिडकीपाशी, डॉक्टर सांगतील तोवर," त्या म्हणाल्या. "पण पत्ता तुझा चारच. बघू कोण हटवतंय."

त्या संध्याकाळी त्या एकट्याच घरी परतल्या, तेव्हा पावणेसात झाले होते. गल्ली भरली होती. यंत्र चोवीस तास मोजतं ही बातमी अजून कुणाला ठाऊक नव्हती. पोरं नेहमीसारखी भिंतींना टेकून उभी होती, शाली गुंडाळून, पुस्तकं उघडून, आपल्याच खोलीत आपण नाही हे सिद्ध करत.

"वर जा रे सगळे," प्रमिलाबाई ओरडल्या. "त्यांना पहिल्यापासून माहीत हाय! उगं थंडीत मरू नका."

कुणी हललं नाही. वर जायचं की नाही, ते एकमेकांच्या तोंडाकडे पाहून ठरवत होते. तेवढ्यात मागे, विजेच्या खांबापलीकडून एक आवाज आला. छोटा, कोरडा, अर्ध्यातच गिळलेला.

प्रमिलाबाई गर्रकन वळल्या.

"कोण खोकलं?"

साठ-सत्तर पोरं समोर उभी होती. सगळ्यांनी श्वास रोखून धरला होता. त्यांच्याच घरातून निघालेला तो न खोकण्याचा नियम गल्लीने इतका चोख पाळला होता, की आता आपण खोकलो हे मान्य करायला कुणी तयार नव्हतं.

"सांगा रे बाबांनो," त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या. "मी काही करत न्हाई. कोण खोकलं?"